मीठ कमी, पण आयोडीनचेच!

आमच्या घरी हल्ली सैंधव आले आहे. "ते नैसर्गिक असते," असे आई म्हणते. मला ते पटत नाही.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागते. सोडियमच्या सोबतीने ते ग्रंथीच्या पेशीत शिरते. थायोसायनेट नावाचा पदार्थ नेमकी तीच वाट अडवतो. कोबी, फ्लॉवर, मोहरीतून तो थोडा मिळतो. सिगारेटच्या धुराने शरीरात बराच वाढतो. तो नुसता शत्रू नाही, लाळेत तो जंतूंशी लढायला मदत करतो. कोबीची भाजी सोडायचीही गरज नाही. आयोडीन मात्र पुरेसे हवे, नाहीतर गलगंड होतो. म्हणूनच भारताने १९६२ साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असते.

"इथे उकाडा फार, मीठ खा," असेही मोठी माणसे सांगतात. उन्हात राबणाऱ्या कामगारांच्या घामातून मीठ जाते, हे खरे. त्यांच्यासाठी इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचे काम बंद असते. पण आपण घरी एसीत, गाडीतही एसीत! वर गावाहून आणलेले लोणचे-पापड. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, एवढेच मीठ सांगते.

माझे मत असे: मीठ आयोडीनचे आणा, पण वाढताना हात आखडता ठेवा. आणि काकालोकांनी सिगारेट सोडावी.

आईने अजून ऐकलेले नाही. हा अंक तिलाच आधी वाचायला देणार आहे.