बायपासच्या आधी बेसलाइन घ्या!

आमच्या वर्धा जिल्ह्यात कुणाचं बायपास झालं की एक-दोन महिन्यांनी घरचं कुणीतरी हळूच म्हणतं, "हार्ट एकदम ठीक आहे जी, पण ऑपरेशनपासून बाबा विसरायले लागले." मग शेजारी भुलीच्या इंजेक्शनला दोष देतात, कुणी वयाला देतं आणि विषय संपतो.

मंडळी, विषय इतका साधा नाहीये. २००१ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ बायपास पेशंट्सच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर घेतल्या. डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के लोक घसरलेले. सहा महिन्यांनी २४ टक्के (चला, सुधारले!) आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. संशय गेला हार्ट-लंग मशीनवर. 'पंप हेड' असं नावसुद्धा पडलं.

मग कुणालाही सुचेल तोच उपाय पुढे आला. रक्त तपासा! एस-१००बी नावाचं एक प्रोटीन मेंदूच्या पेशींमध्ये असतं. मेंदूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. ऑपरेशननंतर पाहिलं तर आकडा चांगलाच वर. सापडलं की!

पण गंमत अशी की हेच प्रोटीन चरबीतही असतं. ऑपरेशनमध्ये छातीत साठलेलं रक्त ओढून परत शरीरात सोडतात, त्याबरोबर तेही आत जातं. म्हणजे अलर्ट आला खरा, पण भलत्याच सर्व्हरचा. दुसरा मार्कर एनएसई. तो तांबड्या पेशींतही असतो आणि पंपात त्या पेशी फुटतात. झालं! न्यूरोफिलामेंट लाइट हा नवा मार्कर जास्त भरवशाचा आहे, पण एका पेशंटचा रिपोर्ट पाहून 'यांची स्मरणशक्ती जाणार' असं ठामपणे सांगता येईल, इथवर तोही पोचलेला नाही.

बरं, सगळा दोष ऑपरेशनचा तरी आहे का? जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ऑपरेशन न झालेले हृदयरोगी शेजारी ठेवून पाहिले, तर काही वर्षांत दोन्ही गट जवळपास सारखेच घसरले. २०२१ साली १,६८० वयस्कर पेशंट्सची माहिती तपासली, त्यात बायपास आणि अँजिओप्लास्टीनंतरच्या स्मरणशक्तीत ठळक फरक दिसला नाही. लांबच्या घसरणीत बीपी, शुगर आणि खराब झालेल्या रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे स्मरणशक्तीच्या भीतीने गरजेचं बायपास टाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

तर माझा मुद्दा असा. कुठलंही सॉफ्टवेअर स्लो झालं अशी तक्रार आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, आधी किती वेळ लागत होता? ऑपरेशनच्या आधी ईसीजी, इको, शुगर, क्रिएटिनिन सगळं होतं. मग दहा मिनिटांची स्मरणशक्तीची चाचणीही त्याच फाइलमध्ये लागली पाहिजे. बेसलाइनच नसेल तर नंतर कितीही महागडी रक्ततपासणी करा, तुलना कशाशी करणार?

आणि ती चाचणी आपल्या माणसांची हवी. शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं तर आर्वीकडची, शाळेत न गेलेली आजी नापास होणार, जी कापसाच्या पट्टीचा हिशोब तोंडी करते! १९९५ साली हरयाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी अशा चाचणीचं हिंदी रूप तयार झालं होतं. आपल्या वऱ्हाडी बोलीत बाजाराचा दिवस, पोळा, तुरीचा भाव विचारून का नाही? एकट्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी मेडिकल कॉलेजं आहेत. सेवाग्रामचं तर १९६९ पासून खेड्यासाठीच चाललंय. हे काम इथून सुरू व्हायला काय हरकत आहे?

तोवर घरच्यांनी एवढं करावं. ऑपरेशनआधी बाबा गोळ्या, पैसे, फोन, नातवंडांची नावं कशी सांभाळतात ते वहीत लिहून ठेवा. वॉर्डात चष्मा आणि कानाचं मशीन जवळ द्या, रात्री झोपू द्या. अचानक भलतंच बोलायला लागले तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. आणि सहा महिन्यांनी ती वही पुन्हा उघडा.

खर्च? दहा रुपयांची वही.