टाकं आपलं, टँकर कुणाचा?

उन्हाळा लागला की बीड जिल्ह्यात एक इंग्रजी शब्द पोराटोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. टँकर! "टँकर आला का गं?" "आज खेपच नाही." इंग्रजीचं एक अक्षर न शिकलेली माणसंसुद्धा हा शब्द अचूक वापरतात.

गंमत म्हणजे हा शब्द मूळचा बराचसा आपलाच. इंग्रजी शब्दकोशात 'टँक'चं मूळ बघा. मराठी 'टाकं' आणि गुजराती 'टांकुं' असं तिथं लिहिलेलं सापडतं. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी सुरतेकडं आले आणि हा शब्द उचलून घेऊन गेले. पोर्तुगीजांचा 'टांक' हा तसाच शब्द त्यात मिसळला. तो लॅटिनमधून आलेला आणि त्याच्या मुळाशीही अर्थ तोच, साठून राहिलेलं पाणी.

पुढं शब्दानं लय रूपं घेतली. हैदराबादचा टँक बंड म्हणजे तलावाचा बांध. 1916 साली इंग्रजांनी नवा रणगाडा बनवला. गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं आणि रणगाड्याला 'टँक' हेच नाव चिकटलं. गाडीची टाकी, माशांचा टँक, विचारवंतांचा थिंक टँक. आणि आपल्या वाट्याला आला तो टँकर.

आपल्या माणसांनी टाकी खोदली ती पाणी थांबवायला. शिवनेरीवर कातळात कोरलेली गंगा-जमुना टाकी आजही पाणी धरून आहेत. बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीच्या काळातली. ना मोटर, ना वीज, जमिनीखालच्या चरांतून पाणी आपोआप शेतात जायचं. टाकं पाणी अडवतं, टँकर पाणी पळवतो. टाक्यात पाणी नसलं तर गावाला दिसतं. टँकरच्या किती खेपा खरंच झाल्या, हे फक्त कागदाला माहीत.

काही जण म्हणतील, टँकर नसता तर माणसं जगली कशी असती? खरंय. तहानलेल्या गावाचा टँकर बंद करा असं कुणीच म्हणणार नाही. 2016 ला केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण तो इलाज संकटाचा होता. आपल्याकडं तो दर दुष्काळाचा रिवाजच झालाय. जलजीवन मिशनची घोषणा 2019 ची, माणशी रोज 55 लिटर नळानं द्यायचं ठरलं. तुमच्या वस्तीवर नळ आहे का? आणि असला तर त्याला पाणी आहे का?

म्हणून ग्रामसभेत तीनच गोष्टी मागा. टँकरच्या खेपांची नोंद रोज गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. उन्हाळ्याआधी गावातल्या जुन्या आडाचा, बारवेचा, तळ्याचा गाळ काढा. आणि बोअर, ऊस आणि पिण्याचं पाणी यांचा हिशोब एकाच बैठकीत मांडा. ऊस जोरात अन् आड कोरडा, हे कुठवर चालायचं?

इंग्रजांनी आपला शब्द नेला, त्याचं काही वाटत नाही. पण टाकं बुजवून आपण टँकरची वाट बघत बसलो, याचं वाटलं पाहिजे.

तुमच्या गावात जुनं टाकं, आड, बारव असेल तर नाव अन् आजची अवस्था खाली कमेंटात लिहा. यादी करू, आणि तीच यादी घेऊन तहसीलला जाऊ.