संगणक आला, पण नोंदी वाचणारा माणूस कुठे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सिंहगड रस्त्यावर 'जीबीएस' हा शब्द घराघरात पोहोचला. गुलियन-बारे सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. एरवी लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. पण त्या वेळी नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि धायरी या पट्ट्यात एकामागून एक रुग्ण सापडले आणि पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला.

अशा वेळी एका डॉक्टरला त्याच्यासमोरचा एकच रुग्ण दिसतो. दुसरा दुसऱ्या हॉस्पिटलात, तिसरा ससूनला. हे सगळे एकाच भागातले आहेत हे कळायला नोंदी कुणीतरी एकत्र वाचाव्या लागतात आणि तिथेच गाडी अडते. समजा, एका केस पेपरवर 'जीबीएस' लिहिलंय, दुसऱ्यावर त्याच आजाराचा प्रकार म्हणून 'एआयडीपी' आणि तिसऱ्यावर नुसतंच 'दोन्ही पायांत अशक्तपणा'. पत्त्यात एकाने 'धायरी फाटा' सांगितलं, एकाने 'डीएसके विश्व', एकाने फक्त 'पुणे'. संगणकाच्या लेखी हे तीन आजार आणि तीन गावं!

आयसीडी-१० या जागतिक यादीत या आजाराचा क्रमांक जी ६१.० आहे. तो प्रत्येक नोंदीला लागला तर मोजणी काही मिनिटांत होते. मात्र तिसऱ्या कागदावर तो डोळे झाकून लावता येत नाही. वॉर्डात जाऊन डॉक्टरांना विचारावं लागतं. आजार समजणारा आणि संगणकही समजणारा माणूस लागतो तो इथे. या कामाला हेल्थ इन्फर्मॅटिक्स म्हणतात.

सरकारी रुग्णालयांत मेडिकल रेकॉर्ड विभाग असतो, पण त्याचा बराच वेळ कागद जपण्यात जातो. संगणकावर बसतो तो अनेकदा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. अशक्तपणा आणि लकवा यांतला फरक त्याला कुणी शिकवलेलाच नसतो, त्यात त्याचा काय दोष?

माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात या कामासाठी वेगळी आणि कायम पदं हवीत. नुसती प्रणाली विकत घेऊन भागत नाही, हे आपण पाहिलंय. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंपनीमार्फत चालणारी एचएमआयएस प्रणाली बंद पडली आणि केस पेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. रुग्णालयाची स्वतःची जाणकार माणसं असती तर प्रणाली वाचली असती असं नाही, पण जुन्या नोंदी कुठे आहेत, कशा काढायच्या, हे सांगणारं कुणीतरी घरचं असतं.

'आधी डॉक्टर आणि नर्सची रिकामी पदं भरा, मग हे लाड,' असं कुणी म्हणेल. रास्त आहे. पण त्याच नर्सचा किती वेळ एकच माहिती चार रजिस्टरांत उतरवण्यात जातो, तेही बघा. दिल्लीच्या एम्सने परिचारिकांनाच प्रशिक्षण देऊन नर्सिंग इन्फर्मॅटिक्सची जबाबदारी दिली. मला हाच मार्ग पटतो, कारण त्यांना वॉर्ड माहीत असतो. शिवाय वैद्यकीय नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर डिस्चार्ज कार्ड हातात आलं की निदान पूर्ण लिहिलंय का ते वाचा, नसेल तर विचारा. पत्त्यात फक्त 'पुणे' लिहू नका, धायरी आणि सोसायटीचं नाव सांगा. आणि जुना नोंदणी क्रमांक असताना नवा केस पेपर काढू नका.