उपसर्गांचा राजमार्ग
इंग्रजी शब्दकोशाची पाने क्रमवार मुखोद्गत करणाऱ्या विद्यार्थ्याची चिकाटी पाहून मला आदराइतकीच हळहळ वाटते. कारण ज्या भाषेचा निम्म्याहून अधिक शब्दसंभार थेट अथवा फ्रेंचच्या मार्फत लॅटिन आणि ग्रीक भाषांतून आलेला आहे, तिच्यात प्रवेश करण्याचा राजमार्ग त्या भाषांच्या मोजक्या उपसर्गांतून जातो, आणि संस्कृतातील २२ उपसर्गांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला तर तो अर्धाअधिक ओळखीचाच असतो. ग्रीक ‘पेरि’ हा आपल्या ‘परि’चा, ‘अपो’ हा ‘अप’चा आणि लॅटिन ‘प्रो’ हा ‘प्र’चा सहोदर होय, १७८६ साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी या तिन्ही भाषांच्या समान उगमाविषयी जे प्रतिपादन केले, त्याचा हा दाखला ‘पेरिमीटर’ आणि ‘परिमिती’ शेजारी ठेवताच डोळ्यांत भरतो. ग्रीकांचा नकारार्थी ‘अ’ स्वरापूर्वी ‘अन्’ होतो, म्हणून ‘अनार्की’. आपलाही होतो, म्हणून ‘अनादि’. लॅटिनचा ‘इन्’ पुढील व्यंजनास अनुसरून ‘इम्पॉसिबल’, ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’ अशी रूपे घेतो, तेव्हा ‘उत्’चा ‘उल्लास’ घडविणारा संधिनियम ज्याने अभ्यासला आहे त्याला निराळा खुलासा लागत नाही. मात्र याच ‘इन्’चे दोन वंश आहेत, एक नकाराचा व दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’मधला दुसरा असल्याने तो शब्द ज्वालाग्राही पदार्थाचा वाचक आहे, आणि तेथे नकार वाचणे प्राणावर बेतू शकते.