माशाला उपवास घडवू नका



मागच्या दशलक्षण पर्वात आमच्या कारंज्याच्या घरात एक जीव माझ्या हातून गेला. कुणाला सांगू नये असंच वाटत होतं, पण अलीकडे आपल्या बऱ्याच घरांतून शोभेच्या माशांची पेटी दिसू लागली आहे, म्हणून लिहिते.

मुलाच्या वाढदिवसाला भाचा अकोल्याहून दोन मासे घेऊन आला. बोटाच्या पेराएवढे, पिवळसर हिरवे, अंगावर काळे ठिपके. दोन डोळे दोन दिशांना फिरवायचे. "मामी, हे पफर. गोड्या पाण्यातले आहेत, काही त्रास नाही," म्हणाला. कोकणात ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशाच्या कुळातले हे. मुलगा काचेला नाक लावून बसायचा, आणि मासेही त्याच्याकडे बघत थांबायचे. मलाही लळा लागला.

दुकानातून दाण्यांची पुडी आली होती. मासे तिला तोंड लावेनात. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामी, त्यांना जिवंत गोगलगायी लागतात. नाहीतर पाण्यातल्या अळ्या." माझ्या अंगावर काटा आला. मी ठरवलं, आपल्या घरात हे चालायचं नाही. भूक लागली की दाणे खातील. पर्व सुरू झालं, मी पूजा-स्वाध्यायात गुंतले. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, एक मासा तळाशी पडलेला दिसला. पोट खपाटीला गेलं होतं.

सासूबाईंचा त्या दिवशी उपवास होता. त्या एवढंच म्हणाल्या, "उपवास आपण आपल्या मनानं धरतो. त्यानं कधी धरला होता?"

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पाचवा मी केला होता. आणि पहिला तर मासे पेटीत सोडले तेव्हाच.

नंतर मी या माशाची माहिती काढली. ती आधी काढायला हवी होती. हा बुटका पफर केरळातला. पंबेसारख्या नद्यांत राहतो. 1941 मध्ये होरा आणि नायर या अभ्यासकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्रावणकोरवरून त्याला नाव दिलं. जगातल्या संकटग्रस्त जीवांच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. दुकानात येणारे कितीतरी मासे कुणी वाढवलेले नसतात, नदीतून धरून आणलेले असतात. पफरांचे दात चोचीसारखे असतात आणि जन्मभर वाढतात. गोगलगायीचं कवच फोडताना ते झिजतात. म्हणजे गोगलगाय ही त्याची चैन नाही, त्याची शरीररचनाच तशी आहे. शिवाय हे मासे आपापसांत भांडतात, दुसऱ्या माशांचे पर कुरतडतात. त्यांना झाडोरा, गाळणी, दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं आणि साधारण पंचवीस अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात वीज गेली की गाळणी बंद. आणि 'गोड्या पाण्यातला' म्हणून विकला जाणारा हिरव्या ठिपक्यांचा मोठा पफर तर वाढला की मचूळ, खारट पाणी मागतो.

माझं स्पष्ट मत असं, की पफर आपल्या घरासाठी नाही. मासा पापी आहे म्हणून नव्हे. तो नदीत गोगलगाय खातो तो त्याचा स्वभाव, त्यात माझा हात नसतो. पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरणीत गोगलगायी वाढवायच्या आणि रोज दोन त्याच्यापुढे टाकायच्या, हे मी घडवलेलं असतं. कृत, कारित, अनुमोदित, तिन्ही आले. गोगलगाय द्वींद्रिय आणि मासा पंचेंद्रिय, तेव्हा एक वाचवायला दुसरी चालेल, असं एका ताईंनी मला सुचवलं. पण हा हिशेब करायची वेळ मुळात आणली कोणी? आपण पाणी गाळतो आणि जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडतो. त्याच हातांनी मी गोगलगायी वाढू?

दुसरी वाट माझी होती, माशालाच शाकाहारी करायचं. त्याचं काय झालं ते सांगितलंच. तिसरी वाट दयेची वाटते: नेऊन ऋषी तलावात किंवा अडाणच्या पाण्यात सोडून द्यावा. तसं करू नका. परक्या पाण्यात तो तडफडून मरेल, नाहीतर जगला तर तिथल्या जीवांना खाईल. जीवदया म्हणजे आपल्या डोळ्यांआड करणं नव्हे.

उरलेला मासा भाच्यानं अमरावतीला एका जाणकार मुलाकडे दिला, ज्याच्याकडे मोठी, झाडं लावलेली पेटी आहे. तिथे तो काय खातो हे मला माहीत आहे. माझ्या खात्यावरचं सगळं पुसलं गेलं असं मी मानत नाही. पण उपाशी मारण्यापेक्षा हे कमी वाईट होतं.

मुलं हट्ट करतील तेव्हा कुठलाही मासा घेण्याआधी चार प्रश्न विचारा: हा खातो काय, आला कुठून, वाढतो किती, पाणी कसलं लागतं. दाण्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. बहुतेकांत माशांचीच भुकटी असते. मी वाचल्यावर आमची पेटी माळ्यावर गेली. मुलगा दोन दिवस रुसला. मग मी त्याला सगळं खरं सांगितलं, मासा आईच्या चुकीनं गेला हेही.

आणि वाढदिवसाला कुणी जिवंत भेट आणणार असेल, तर आधीच हात जोडून नाही म्हणा. मला ते जमलं नाही, तुम्हाला जमावं.

जय जिनेंद्र.