'रिमांड होममध्ये टाकीन हं!'

परवा अमेरिकेतला नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, शाळा म्हणजे नुसती जुव्ही झालीये." मला वाटलं, नवा खेळ असेल. त्यानंच मग उलगडून सांगितलं. जुव्ही म्हणजे 'जुव्हिनाइल'चं लाडाचं नाव. मुलांच्या कोठडीला तिकडे असं म्हणतात. कोठडीला लाडाचं नाव! हसू आलं, पण टिकलं नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं? मुंबईत नुसतं 'डोंगरी' म्हटलं तरी पुष्कळांना तिथलं बालगृह आठवतं. इंग्लंडात १९०२ साली बोर्स्टल नावाच्या खेड्यात अशी संस्था निघाली आणि त्या खेड्याचं नावच देशभरच्या तसल्या संस्थांना चिकटलं. १९८२च्या कायद्यानं त्या बंद झाल्या, शब्द मात्र उरला.

मी नगर जिल्ह्यात तीस वर्षं शिकवलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय नाही.) 'रिमांड होममध्ये टाकीन हं' हे वाक्य आम्हाला छडीपेक्षा सोयीचं. एकदा आठवीत एका मस्तीखोर पोराला तेच म्हणालो. वर्ग हसला. तो उभा राहिला, म्हणाला, "सर, मी तिथंच होतो. आई वारली तेव्हा." त्यानं कुणाचं काही चोरलं नव्हतं. पूर्वी निराधार, हरवलेली, घरातून पळालेली मुलंही रिमांड होममध्येच ठेवत, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. मग खडू घेऊन फळ्याकडे वळलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

कायदा आपल्या पुढे गेलाय. २०००च्या कायद्यानं 'बालगुन्हेगार' हा शब्द टाकला, निरीक्षणगृह आणि बालगृह वेगळी केली. २०१५च्या कायद्यात तर मुलांच्या प्रकरणांत दोषारोपाचे शब्द वापरू नयेत, हे तत्त्वच घातलंय. आता म्हणायचं 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. शब्द भला आहे, पण ओट्यावर गप्पा मारताना कोण म्हणणार?

माझं म्हणणं साधं आहे. नवा शब्द नाही जमला तर नको, पण जुन्याचा बागुलबुवा तरी करू नये. तिथून परतलेलं पोर आपल्याच पोरांच्या बाकावर बसतं. त्याच्याकडे कसं बघायचं, हे आपली पोरं आपल्या धमक्यांतूनच शिकतात.

नातवाला ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

मला सांगता आलं नाही.