‘संबंध नाही’ म्हणून भागणार नाही

बॉम्ब फुटला, माणसे मेली की आपण पाठ केलेले वाक्य म्हणतो, ‘यांचा इस्लामशी काही संबंध नाही.’ निषेधसभा होते, निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग पुढच्या स्फोटापर्यंत सारे शांत.

आपला निषेध खोटा होता असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदला हजारो उलेमा जमले आणि त्यांनी दहशतवाद गैरइस्लामी ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला. याचा अभिमान बाळगावा. पण मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि ‘इस्लामिक स्टेट’ला जाऊन मिळाले. ते निरक्षर नव्हते. त्यांत अभियांत्रिकी शिकणारेही होते. मुले शिकली की प्रश्न सुटेल, हा आपला समज तिथेच कोसळला.

‘इस्लामिक स्टेट’चा प्रचार आयती आणि हदीसचा आधार देऊन बोलतो. ‘संबंध नाही’ म्हटले की त्या आयतीचा संदर्भ सांगण्याची, तिचा अर्थ उलगडण्याची मेहनत वाचते. आपल्याला हे वाक्य आवडते ते म्हणूनच.

हजरत अलींनी ही पळवाट घेतली नव्हती. खारिजींनी ‘फैसला फक्त अल्लाहचा’ अशी घोषणा देऊन त्यांनाच काफिर ठरवले. शब्द खरे आहेत, पण हेतू खोटा आहे, असे हजरत अलींनी सांगितले. इब्न अब्बास त्यांच्या छावणीत गेले आणि कुराणाच्याच आधारे त्यांच्याशी बोलले. हजारो लोक परत फिरले, असे परंपरा सांगते. लढाई झाली ती नंतर, उरलेल्यांशी. त्यांच्यातल्याच एकाने 661 मध्ये हजरत अलींचा खून केला. म्हणून आधी केलेला संवाद चुकीचा ठरत नाही.

आपल्याकडे मात्र खुतबा अरबीत, बयान उर्दूत आणि पोरगा मराठी शाळेत. आमच्या मोहल्ल्यात दहावीतल्या एका मुलाने जिहादचा अर्थ विचारला. उत्तर मिळाले, ‘ज्यादा सवाल मत कर, ईमान कमजोर होता है.’ मुलगा गप्प बसला. प्रश्न गप्प बसत नाही. तो मोबाईलवर जातो आणि तिथे उत्तर देणारा रात्रभर जागा असतो.

प्रश्नांची ही भीती आपली जुनीच आहे. हमीद दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांची सगळी मते पटायलाच हवीत असे नाही. पण त्यांना उत्तर देण्यापेक्षा बहिष्कृत करणे आपल्याला सोपे वाटले. ज्या समाजात दलवाईला जागा नाही, तिथे दहावीच्या पोराला कुठून असणार?

कोणी म्हणेल, आधी आमच्यावरच्या अन्यायाचे बोला. जरूर बोलू. 2006 च्या मालेगाव स्फोटांत पकडलेले मुस्लिम तरुण वर्षानुवर्षे तुरुंगात सडले. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या वर्षांची भरपाई कोण करणार? ही लढाई संविधानाच्या मार्गाने लढलीच पाहिजे. पण अन्यायाची हीच जखम दाखवून अतिरेकी आपली पोरे पळवतात. वकील उभा करणे आणि पोराशी बोलणे, दोन्ही कामे आपलीच आहेत.

करायचे काय? जुम्याच्या नमाजनंतर तासभर मराठीत बैठक घ्या. मौलाना, शाळामास्तर, वकील एकत्र बसवा. कोणताही प्रश्न गुस्ताखी समजू नका. आयत कधी, कोणत्या प्रसंगी उतरली ते सांगा. आयांना आणि बहिणींनाही बोलवा. पोरगा बदलतो आहे हे आधी त्यांनाच कळते. मोहल्ल्यात एक वाचनालय काढा. त्यात तफसीर ठेवा आणि दलवाईही ठेवा.

पैसे नाहीत म्हणू नका. पुढच्या निषेधसभेच्या मंडपाचे भाडे आजच पुस्तकांना द्या.